हळू असलं तरी हलकं नाही: ताई ची, बागुआ, शिंगयीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ताई चीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ताई ची, बागुआ आणि शिंगयी या तीन चिनी लढाईच्या कलांमधून (यांनाच ‘इंटर्नल’ कला म्हणतात) मारामारीचा भाग पार काढून टाकला तर तब्येतीचा फायदाही बराचसा निघून जातो. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळी सगळी जागा त्यांनाच दिलीये. काहींना पटलं नाही, एकदोघं चांगलेच चिडलेत, आणि बऱ्याच जणांना मुळात वेगळंच काहीतरी विचारायचं होतं. प्रश्न थोडे छाटलेत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, माझं वय ७१. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडले, हाड मोडलं नाही पण भीती बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले बॅलन्सचा व्यायाम करा, ताई ची चालेल. क्लास बघायला गेले तर सगळे नुसते हात हलवत होते, घामसुद्धा कुणाला येत नव्हता. याने काय होणार? आणि तुम्ही तर म्हणता मारामारी शिका, या वयात मी कुणाशी मारामारी करू?

उत्तर: काकू, कुणाशीच नाही! पण तुम्ही पडलात तो क्षण आठवून बघा, बहुतेक वळताना किंवा टॉवेल घ्यायला हात लांब केला तेव्हा पडला असाल. माणूस नुसता उभा असताना सहसा पडत नाही, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना पडतो. आणि आपलं रोजचं चालणं नीट बघितलं तर प्रत्येक पाऊल म्हणजे थोडंसं पुढे पडणं आणि पुढच्या पायाने सावरून घेणं, तरुणपणी ते सावरणं आपोआप होतं म्हणून कळत नाही इतकंच.

ताई चीत असं पडत पडत चालायला परवानगी नाही. सगळं वजन एका पायावर, गुडघा जरासा सैल, दुसरा पाय रिकामा. तो रिकामा पाय पुढे जातो, टाच टेकते, पण तिच्यावर वजन द्यायचं नाही, टाचेखाली कागद असेल तर तो ओढून काढता आला पाहिजे. मग तळवा टेकतो, मग वजन सावकाश सरकतं, आणि या सगळ्या वेळात मागचा पाय एकटा तुम्हाला तोलून धरतो. आता हे असं का, तर समोरच्याने तुमचा पाय झाडला तर तो पटकन मागे घेता आला पाहिजे, वजन आधीच टाकून बसलात तर गेलात. हा मारामारीतला नियम आहे आणि नेमका हाच नियम ओल्या फरशीवर तुमच्या कामाला येतो. मी म्हणत होते ते हेच.

होणार काय, तर याचा चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेत ओरेगनमध्ये फूझोंग ली आणि त्यांच्या टीमने सत्तरीच्या पुढचे, आधी पडलेले किंवा चालताना अडचण असलेले ६७० लोक घेतले, आठवड्यातून दोन वेळा एक एक तास, २४ आठवडे. २०१८ मध्ये निकाल आला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी, आणि ताकद, बॅलन्स, चालणं असा मिक्स व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. सगळ्याच अभ्यासांत आकडे एवढे मोठे येत नाहीत, कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या आढाव्यात सगळं एकत्र धरून साधारण २० टक्के घट दिसते, पण तीही काही कमी नाही.

तेव्हा क्लास बघायला परत जा आणि या वेळी हात बघू नका, पाय बघा. पाय टाकल्या टाकल्या सगळे धपकन वजन देत असतील तर तो क्लास सोडून दुसरा शोधा. सुरुवातीला खुर्चीची पाठ धरून करा, लाज कसली त्यात. आणि घामाचं म्हणाल तर मांड्या थरथरायला लागल्या की विचारा मला. फक्त उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, ते तोलाचं दुखणं नसतं.

प्रश्न: मॅडम, मी २४ चा, जिम करतो, थोडं बॉक्सिंग पण शिकलोय. चीनमधल्या एका एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) वाल्याने ताई ची मास्टरला काही सेकंदात झोपवल्याचा व्हिडिओ बघितला. मग ही इंटर्नल वगैरे सगळी फेकाफेकीच ना? आणि तरीही शिकायचंच झालं तर तिन्हीपैकी कुठली?

उत्तर: तो व्हिडिओ एप्रिल २०१७ चा, चेंगडूमधला. एमएमएवाला शू शियाओदोंग विरुद्ध ताई चीचा वेई लेई, अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ खलास. मी तो बऱ्याच वेळा बघितलाय आणि त्यातून मला एवढंच कळतं की ज्याने खरोखर विरोध करणाऱ्या माणसासोबत सराव केलेला नाही तो मार खातो, मग त्याच्या कलेचं नाव काहीही असो. हे खोटं नाहीये, झाकूही नये. चीनमध्ये हे दुखणं जुनंच आहे. १९५४ मध्ये मकाऊला ताई चीचे वू गोंगयी आणि व्हाइट क्रेन या दुसऱ्या चिनी कलेचे चान हाक-फू यांची जाहीर लढत लावली होती, धर्मादाय कामासाठी, त्याची फिल्मसुद्धा आहे, दुसऱ्या फेरीत थांबवली आणि निकाल काय तर कुणीच जिंकलं नाही. ती बघून कुणाला काही गूढ शक्ती दिसली तर मला कळव, मला दोन माणसं दिसली, घाबरलेली आणि एकमेकांच्या नाकावर बुक्के मारणारी.

पण म्हणून फेकाफेकी? नाही रे. हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावातून यांग लूचान शिकून बाहेर पडला आणि एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये मांचू सरदारांना, पहारेकऱ्यांना शिकवायला लागला. या लोकांनी हात हलवायला मास्तर ठेवला नसेल. आजही जिथे तुईशोऊ, म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल घालवायचा सराव, मनापासून चालतो तिथे शिकलेला माणूस ढकलून बघ, भिंतीला नाही तर दाराला ढकलल्यासारखं वाटतं, तू जोर लावतोस आणि समोर कुणी नसतंच.

आता तिन्हीतलं कुठलं. शिंगयी सगळ्यात सरळ, अक्षरशः, सरळ रेषेत पुढेच जायचं. मूळ पाच ठोसे, आणि त्याआधी सानतीशी नावाचा एक पवित्रा, बरंचसं वजन मागच्या पायावर ठेवून नुसतं उभं राहायचं. जुने मास्तर महिनोन् महिने तेवढंच करून घ्यायचे, त्यामुळे अर्धी पोरं पळून जात असतील. तुझ्यासारख्या बॉक्सिंग केलेल्याला हे लगेच कळेल. बागुआत गोल गोल चालायचं, डोंग हायचुआन यांनी एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये शिकवलेली पद्धत, कंबर वर्तुळाच्या आत वळलेली आणि पाय जमिनीलगत सरकत पुढे, घोटे आणि खुबे यांचं जे काही व्हायचं ते होतं, आणि दिशा बदलताना जो पीळ पडतो त्यात खरी गंमत आहे. ताई ची सगळ्यात हळू, म्हणून सगळ्यात अवघड. चेन शैली घेतलीस तर त्यात पाय आपटणं, अचानक स्फोटासारखा ठोसा हेही आहे, तुला बोअर होणार नाही.

ही तिन्ही नावं एका दमात घेतो त्यामागे सुन लूतांग यांचा मोठा वाटा. १८६० चा जन्म, आधी शिंगयी, मग बागुआ, मग पन्नाशीच्या आसपास ताई ची शिकले आणि तिन्हींवर पुस्तकं लिहिली. एक सांगते, जिम सोडू नकोस. ताई चीने छाती भरत नाही.

प्रश्न: व्हिडिओ बघून २४ स्टेपची ताई ची शिकलो, तीन महिने झाले. बाकी मस्त वाटतंय, पण आता उजव्या गुडघ्याला आतल्या बाजूने दुखतंय. ताई ची तर सांधेदुखीवर चांगली म्हणतात ना? वय ५३.

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी हे बघा, गुडघा सुजतोय का, मध्येच अडकतोय का, जिना उतरताना दगा देतोय का? यातलं एकही असेल तर पुढचं वाचायच्या आधी डॉक्टर गाठा.

नसेल तर मोबाईल समोर लावून स्वतःचं शूटिंग करा आणि वळतानाचा भाग थांबवून बघा. मला जवळजवळ खात्री आहे की गडबड तिथेच आहे. समजा उजवा पाय पुढे आहे, त्याच्यावर वजन आहे, आणि आता डावा पाय पुढे टाकायचाय. त्याआधी उजव्या पायाचा चवडा बाहेर वळवावा लागतो. व्हिडिओत मास्तर हे इतक्या सफाईने करतो की काय झालं ते दिसतच नाही, आणि बघणारा काय करतो तर भरलेल्या पायावरच वळतो. तळवा जमिनीला चिकटलेला, वर कंबर फिरली, मग मधला पीळ कुणी घ्यायचा? गुडघ्याने. गुडघा वाकायला आणि सरळ व्हायला बनलाय, पिळायला नाही, पिळायचं काम खुब्याचं आणि घोट्याचं. असा एक फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची पूर्ण मालिका, करताना किती वेळा वळता ते मोजा आणि त्याला तीन महिन्यांनी गुणा.

बरोबर काय, तर आधी वजन मागच्या पायावर न्यायचं, पुढचा पाय हलका झाला की टाचेवर चवडा बाहेर फिरवायचा, तो टेकवायचा आणि मग त्याच्यावर वजन द्यायचं. काही शैलींत भरल्या पायावर वळतात हे खरं, पण त्यांचे खुबे तेवढे मोकळे असतात, तुमचे आमचे नसतात, तेव्हा तो नाद सोडा.

दुसरी जागा म्हणजे गुडघ्याची दिशा. पुढे वाकलेल्या पवित्र्यात खाली बघा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पाहिजे. बहुतेकांचा तो आत कलंडतो, विशेषतः हाताकडे लक्ष गेलं की, आणि आतल्या बाजूचं दुखणं असेल तर हे नक्की तपासा. पायाच्या टोकापुढेही गुडघा जाऊ देऊ नका. आणि दोन्ही पाय एकाच रेषेवर, दोरीवरून चालल्यासारखे टाकत असाल तर तोल सांभाळायला गुडघेच वाकडेतिकडे होतात, म्हणून दोन्ही पावलांमध्ये आडवं खांद्याएवढं अंतर ठेवा.

तिसरं म्हणजे खाली बसायचा सोस. फोटोत दिसतात तसे खोल पवित्रे घ्यायचे नाहीत, पन्नाशीनंतर तर नाहीच, निदान पहिली काही वर्षं. उंच उभं राहून केलं तरी बराचसा फायदा मिळतो. गुडघे आधीच कुरकुरणारे असतील तर सुन शैली बघा, त्यात पवित्रे उंच असतात आणि एक पाय पुढे गेला की दुसरा लगेच मागून येतो, एका पायावर फार काळ ताण राहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये सांधेदुखीवाल्यांसाठी जो प्रोग्राम बसवला तो याच शैलीवर.

आणि हो, चांगली असतेच. बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमध्ये गुडघ्याचा ऑस्टिओआर्थरायटिस असलेल्या २०४ जणांवर ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापून आली. अर्ध्यांना १२ आठवडे ताई ची, अर्ध्यांना फिजिओथेरपी, दुखणं दोन्हींकडे सारखंच कमी झालं, आणि मूड ताई चीवाल्यांचा जास्त सुधारला. पण त्या लोकांना समोर उभा राहून सांगणारा मास्तर होता, स्क्रीन नव्हती. तुम्ही निदान महिन्यातून एकदा तरी कुणा जाणकाराला पाय दाखवा.

प्रश्न: बीपी बॉर्डरवर आहे, रोज भरभर चालतो. ताई ची सुरू केलं तर चालणं बंद करू का?

उत्तर: बंद कशाला करताय? बीजिंगमध्ये बीपी बॉर्डरवर असलेल्या ३४२ जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये आला. आठवड्यातून चार वेळा तास तासभर, एका गटाला ताई ची आणि दुसऱ्याला भरभर चालणं, जिना चढणं, सायकल असा एरोबिक व्यायाम. वर्षाच्या शेवटी वरचं बीपी ताई चीवाल्यांचं सरासरी ७ ने आणि दुसऱ्यांचं साधारण साडेचारने उतरलं. म्हणजे हळू असूनही कमी पडलं नाही, उलट जरा पुढेच. पण एका अभ्यासावर चालणं सोडू नका, आठवड्याचे दिवस दोन्हीत वाटून घ्या. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करायची नाही, हे सांगायची गरज नाही पण दर वेळी कुणीतरी करतंच.

प्रश्न: मी रोज एक तास झान झुआंग म्हणजे हात पुढे गोल धरून स्थिर उभं राहतो. हातात मुंग्या येतात, गरम वाटतं, कधी कधी चक्कर येते आणि आत काहीतरी फिरतंय असं जाणवतं. ही ची, म्हणजे आतली ऊर्जा, जागी होतेय का? झोप मात्र कमी झालीये.

उत्तर: चक्कर आणि कमी झोप हे दोन शब्द वाचून मी थांबले. उद्यापासून एक तास नाही, पाच मिनिटं. 

हात गरम होणं, मुंग्या येणं यात घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं, खांदे सैल झाले की हातात रक्त मोकळं फिरतं, आणि हात तसाच धरून ठेवला की मुंग्याही येतात. चक्करेचं कारण त्याहून साधं, माणूस न हलता उभा राहिला की रक्त पायात साचतं, गुडघे ताठ लॉक केले असतील किंवा श्वास धरला असेल तर आणखीच, परेडमध्ये उभे जवान कोसळतात ते यामुळेच. गुडघे सैल ठेवा, श्वास आपला आपण चालू द्या, अंधारी आली तर धीराने उभं राहायचं नाही, सरळ खाली बसायचं. मुंग्या उभं राहणं संपल्यावरही टिकल्या किंवा चक्कर परत आली तर डॉक्टरांना विचारा.

चीबद्दल माझं मत सांगते, कुणाला राग येवो. मास्तर जेव्हा म्हणतो ‘ची डानटियनमध्ये उतरू दे’ आणि बेंबीखाली बोट दाखवतो तेव्हा शिष्य ते करायला जातो आणि त्याचे खांदे खाली येतात, श्वास पोटात जातो, जबडा सुटतो, पाय जड होतात. सूचना म्हणून ही फार कामाची आहे, शरीरशास्त्राच्या भाषेत हेच सांगायला गेलात तर दहा वाक्यं लागतात आणि माणूस आणखी आखडतो. पण सूचना कामाची आहे म्हणून आत काही वस्तू फिरतेय असं धरून तिच्या मागे लागू नका. तुम्हाला हे चिनी लोक सांगणार नाहीत असं समजू नका, तिकडच्या परंपरेतच ‘आगीच्या वाटेला जाऊन वेड लागणं’ असा इशारा पूर्वीपासून आहे, आणि चीगोंगचा, म्हणजे श्वास आणि हालचालींच्या चिनी व्यायामाचा, अतिरेक करून भ्रम झालेल्यांची नोंद १९९४ च्या अमेरिकन मानसोपचार ग्रंथात सुद्धा आली. झान झुआंग प्रसिद्ध करणारे वांग शियांगझाय तर सगळे फॉर्म बाजूला सारून उभं राहणंच मुख्य मानायचे, तरी तेसुद्धा आधी सहज आणि आरामात उभं राहायला सांगत. झोप दोनचार आठवड्यांत जाग्यावर आली नाही तर सराव बंद आणि डॉक्टर.

प्रश्न: तुम्ही तब्येतीसाठी करणाऱ्यांना कमी लेखता. ताई ची मुळात वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज बघून आरोग्यासाठीच निर्माण केली. आणि तुम्ही सांगता त्या अभ्यासांत कुठे मारामारी शिकवली होती?

उत्तर: झांग सानफेंगची गोष्ट सुंदर आहे, पण गोष्टच आहे. कागदोपत्री माग काढत गेलं तर आपण चेनजियागोऊपाशी, सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगपाशी पोचतो, आणि तो सैन्यातला माणूस होता. तब्येतीसाठी म्हणून मुद्दाम बसवलेला प्रकार म्हणजे २४ स्टेप, तो १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांग शैलीतून काढला, पाचसहा मिनिटांत संपतो. त्याला मी अजिबात कमी लेखत नाही, मी स्वतः तोच करते सकाळी.

दुसरा मुद्दा मात्र रास्त आहे तुमचा. त्या ट्रायलमध्ये कुणाला ठोसे शिकवले नव्हते, सत्तरीच्या लोकांना कोण शिकवेल. पण नीट बघा काय शिकवलं होतं, पाय रिकामा ठेवून टाकणं, वजन पूर्ण सरकवणं, कंबरेतून वळणं, तोल सुटायच्या हद्दीपर्यंत जाऊन परत येणं. हे सगळं लढाईच्या गरजेतून आलंय आणि ते त्यांनी जपलं होतं. माझा आक्षेप आहे तो हे सगळं गाळून नुसतं संगीत लावून तरंगणाऱ्या क्लासला. ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल घ्या, दिसायला हात नुसते डोळ्यांसमोरून जातात. पण समोरून येणारा हात मनगटाने धरून कंबरेने बाजूला वळवायचाय हे एकदा कुणीतरी तुमचा हात धरून दाखवलं की हात आपोआप कंबरेबरोबर फिरतो, खांदा उचलला जात नाही, आणि खांदेदुखीवाल्याला जे पाहिजे तेच होतं. शंभर वेळा ‘खांदे सैल सोडा’ सांगून जे होत नाही ते यात एका मिनिटात होतं. त्यासाठी कुणाला पाडायची गरज नाही.

प्रश्न: लक्षात राहत नाही हो एवढ्या स्टेप्स. सोपं काही?

उत्तर: बादुआनजिन करा. आठच हालचाली आहेत, उभ्या जागी, बारापंधरा मिनिटं. ही मारामारीची कला नाही, चीगोंग आहे, पण शरीर लांबवायला आणि श्वास लयीत आणायला उत्तम. त्यातही आठ एकदम नको, दोन घ्या.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्सचं निदान होऊन दोन वर्षं झाली. चालताना पाय अडकतात. ताई ची झेपेल का त्यांना?

उत्तर: सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात असतील तर झेपेल आणि करावंच असं मी म्हणेन, न्यूरॉलॉजिस्टना विचारून. वर काकूंना सांगितलं त्याच फूझोंग ली यांच्या टीमने १९५ पार्किन्सन्सच्या पेशंटवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, ताई ची विरुद्ध वजनं घेऊन व्यायाम विरुद्ध स्ट्रेचिंग. तोल सांभाळण्यात ताई चीवाले दोघांच्याही पुढे होते आणि पडणं स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी. आजार बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा.

क्लासची वेळ अशी निवडा की गोळीचा असर चांगला असेल, तो उतरायला लागल्यावर नाही. तुम्ही बरोबर जा, पण समोर उभ्या राहू नका, बाजूला आणि किंचित मागे, आणि हात धरून ओढायचं नाही, त्याने तोल उलट जातो. पाय अडकला की आधी वजन दुसऱ्या पायावर न्यायला सांगा आणि मगच पाऊल टाकायला. जवळ भिंत किंवा जड टेबल असू द्या, चाकाची खुर्ची नको, ती सरकते.